करवीरचा विसरलेला समुद्र



कांहीं महिन्यांपूर्वीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. नोकरीच्या निमित्तानें तो स्वीडन देशांत असतो. सुटीच्या दिवशीं कार्लस्क्रूना नांवाच्या बंदरगांवीं हिंडत असतां त्यानें तेथील आरमाराचें वस्तुसंग्रहालय पाहिलें व त्याची हकीकत मोठ्या हौसेनें मला कळविली. तें गांव आरमारासाठींच १६८० मध्यें वसविण्यांत आलें; म्हणजे ज्या वर्षीं शिवछत्रपति निवर्तले, त्याच वर्षीं. पुढें १७५२ मध्यें तेथील राजानें गलबतांचे नमुने एकत्र करविले, आणि त्या संग्रहांतूनच आजचें संग्रहालय वाढलें. जुन्या लढाऊ गलबतांच्या नाळेवरील भव्य लांकडी मूर्ति तेथें ओळीनें मांडल्या आहेत. हें सर्व लिहून शेवटीं त्यानें विचारलें होतें, ‘सर, तुम्हीं आम्हांस मराठ्यांचा इतिहास शिकविलात, त्यांत समुद्र कां नव्हता?’

या प्रश्नानें मी खरोखर वरमलों. वर्षानुवर्षें मीं मुलांना घोडे, घाट आणि गड शिकविले. पन्हाळ्याच्या वेढ्याचें वर्णन करतांना माझा आवाज चढे. आरमाराचें प्रकरण मात्र परीक्षेपुरतें चार ओळींत आटोपें. आपण सह्याद्रीच्या अलीकडचे, आपला समुद्राशीं काय संबंध, अशीच माझी समजूत होती.

ती समजूत प्रथम हलली, ती घराजवळच. येथील टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक लहानशी कांस्यमूर्ति आहे. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास जें उत्खनन झालें, त्यांत ती मिळाली. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत रोमन साम्राज्याशीं चाललेल्या व्यापारानें ती येथवर आली. समुद्राचा देव घाट चढून करवीरास येऊन राहिला आणि आम्हीं म्हणत बसलों, आमचा समुद्राशीं संबंध नाहीं!

मग मीं ठरविलें कीं, घाट उतरून मालवणास जावयाचें. गगनबावड्यावरून खालीं गेलों आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं होडींत बसून सिंधुदुर्गाकडे निघालों. तांडेलानें विचारलें, ‘खंयसून इलास?’ मीं कोल्हापूरचें नांव सांगितलें. तो हंसून म्हणाला, ‘मगे ह्यो किल्लो एका काळार तुमचोच होतो! सोडलास कित्याक?’ विद्यार्थ्याचा प्रश्न एक झाला होता, हा दुसरा.

कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरांत महाराजांनीं या दुर्गाचा पाया घातला. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखालीं सुमारें तीन वर्षें काम चालले. बेटाचें क्षेत्र सुमारें ४८ एकर. तट सुमारें ३० फूट उंच व १२ फूट रुंद. महाद्वार तटाच्या वळणांत असें दडविलें आहे कीं, होडी अगदीं जवळ जाईपर्यंत तें दृष्टीस पडत नाहीं. चोहोंकडे खारें पाणी असून आंत मात्र दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. बांधकाम चालू असतांच १६६५ च्या फेब्रुवारींत महाराज स्वतः याच बंदरांतून ८५ लहान व ३ मोठीं गलबतें घेऊन बसरूरच्या स्वारीस निघाले. घोड्यावरचे महाराज आपण नित्य पाहतों. गलबतावरचे महाराज डोळ्यांपुढें आणून पाहावे.

आंत राजाराम महाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे. मूर्तीस दाढी नाहीं, आणि मस्तकावर कोळ्याच्या टोपीसारखें शिरस्त्राण. जणूं दर्यावर्दी लोकांनीं राजास आपल्यांतलाच मानलें.

आतां तांडेलाच्या प्रश्नाकडे वळूं. वारणेच्या १७३१ च्या तहानंतर करवीरचें राज्य निराळें झालें, आणि मालवणचा किनारा करवीरकरांकडे राहिला. करवीरचीं गलबतें इंग्रजांच्या व्यापारास इतकीं जाचूं लागलीं कीं, १७६५ मध्यें मुंबईकर इंग्रजांनीं मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन यांस पाठवून सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचें नांव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेविलें. परंतु किल्ला राखण्यांत लाभ नाहीं आणि पाडावा तर तो पडत नाहीं, असा त्यांस अनुभव आला. तेव्हां पावणेचार लाखांहून अधिक रुपये व मालवणास वखार घालण्याची मोकळीक घेऊन त्यांनीं तो पुढच्याच वर्षीं परत दिला. त्या वेळीं राज्याची सूत्रें जिजाबाईसाहेबांच्या हातीं होतीं; १७६२ मध्यें दत्तक घेतलेले शिवाजी महाराज अगदीं बाल होते.

पुढें याच शिवाजी महाराजांच्या उतारवयांत करवीरावर चहूंकडून संकटें आलीं. पेशव्यांशीं चिकोडी-मनोळीचा तंटा होता, आणि राज्याचा उरला भागहि टिकतो कीं नाहीं, असा प्रसंग होता. तेव्हां १ ऑक्टोबर १८१२ रोजीं इंग्रजांशीं तह झाला. सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट यांसह मालवण इंग्रजांस दिलें गेलें, आणि यापुढें लढाऊ गलबतें न बाळगण्याचें वचनहि द्यावें लागलें. मोबदला म्हणून उरल्या मुलुखास संरक्षण मिळालें. थोडक्यांत, समुद्र देऊन जमीन राखली. पुढच्याच वर्षीं महाराज वारले.

यांत दोष कोणाचा, हें मी सांगूं इच्छीत नाहीं. बुडत्या घरानें दागिना मोडला, तर त्याची निंदा करूं नये. परंतु दागिना होता, हें मुलांस सांगावयासहि आम्हीं विसरलों, हें मात्र निंद्य. १८१२ मध्यें गमावला तो किनारा; समुद्राची आठवण घालविली, ती आमच्यासारख्या मास्तरांनीं.

२०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत मराठ्यांचे १२ दुर्ग घेतले. त्यांत आमचा पन्हाळा आहे, तसाच सिंधुदुर्गहि आहे. एक डोंगरावरचा, एक पाण्यांतला. करवीरच्या इतिहासांत मात्र दोघे सख्खे भाऊ.

परततांना तांडेलास मीं तहाची हकीकत सांगितली. तो क्षणभर वल्हें थांबवून ऐकत राहिला व म्हणाला, ‘तर मगे पुन्हा येवा.’ घरीं येऊन मीं विद्यार्थ्यास पत्र लिहिलें: ‘तुला शिकवावयाचा राहिलेला धडा सोबत पाठवीत आहें. आपलें आरमाराचें संग्रहालय मालवणच्या खाऱ्या पाण्यांत उभें आहे. सुटीवर येशील तेव्हां मुलांना घेऊन ये. आपण बरोबर जाऊं.’