अंगणात आलेली शाळा



मूल मातीचा बैल करू लागले की आपण म्हणतो, "पुरे झाला खेळ, आता अभ्यासाला बस!" खेळ निराळा आणि अभ्यास निराळा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ही वाटणी न मानणाऱ्या दोन शिक्षिकांची हकीकत आज सांगतो.

मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले. ताराबाई मोडक यांनी हे बालशिक्षण भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत आपलेसे केले. पुढे १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु माँटेसोरींची साधने महाग. खेड्याला ती कुठून परवडणार?

१९४५ साली ताराबाईंनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, काम मांडले. अनुताई वाघ सोबतीला आल्या. विकतच्या साधनांची जागा बिया, शिंपले, पाने, खडे आणि माती यांनी घेतली. त्याच बियांनी मोजावे, त्याच मांडून नक्षी करावी. मुले शाळेत येत ना, तर शाळाच त्यांच्या वस्तीवर, अंगणात नेली. तीच अंगणवाडी!

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा भरू लागली. तिथली वस्ती वारल्यांची. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने ते चौक काढतात; त्याला ते 'लिहिणे' म्हणतात, बरं का! अशा घरातले मूल शाळेत कोऱ्या पाटीसारखे येईल कसे?

१९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. नावाबरोबर त्या बिया आणि ती माती पोहोचली का, हे मात्र ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन पाहावे.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात तरी काय उणे आहे? बेंदराच्या बैलांना काळी माती आहे, गाडीला ज्वारीची चिपाडे आहेत. दोन चाके सारखी झाली नाहीत तर गाडी वाकडी जाते; मूल ती मोडते, मापते, पुन्हा जोडते. हा अभ्यास नव्हे तर काय? नुसते गिरवून कंटाळलेले मूल शाळेला भिऊ लागते आणि एके दिवशी यायचेच थांबते.

साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडीच्या कोप्यांपुढे परगावची मुले दिसतात. त्यांच्यासाठी कुरणशाळेचा धडा आजही ताजा आहे. तेव्हा गुरुजी, उद्या वर्गात मूठभर चिंचोके आणि ओली माती घेऊन जा, आणि मुले काय करतात ते थोडा वेळ नुसते पाहा.