लाखेच्या तबकड्यांचा पुनर्जन्म

मध्यम मिळकतीच्या माणसाला छंद जडला की त्याच्या अंगी दोन गुण आपोआप येतात. एक चिकाटी आणि दुसरा थोडासा निलाजरेपणा. माझा छंद अमेरिकेतल्या जॅझ संगीताच्या जुन्या तबकड्यांची पुनर्मुद्रणे जमवण्याचा. मूळ तबकड्यांच्या वाटेला मी जात नाही. त्या श्रीमंतांनी जमवाव्यात आणि आपण त्यांच्या घरी जाऊन पाहाव्यात. मी जमवतो ते चार-चार, पाच-पाच सीडींचे पेटीबंद संच, आणि तेही दुकानदाराने भाव उतरवल्यावर किंवा विलायतेहून येणाऱ्या स्नेह्याच्या सामानात जागा शिल्लक असल्यावर. असे तीसएक संच घरात आहेत. त्यांतला एकही पुऱ्या किमतीला घेतलेला नाही, हे मी घरात वारंवार सांगत असतो.

पण एक प्रश्न मला पहिल्यापासून छळत आला. लुई आर्मस्ट्राँगसारख्या युगप्रवर्तक वादकाची ऐन उमेदीतली तीन-चार वर्षांची कामगिरी हॉटेलातल्या दोन माणसांच्या जेवणाच्या पैशांत मिळते, ती कशी? उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की या स्वस्ताईच्या मागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला एक धागा थेट आपल्या देशातल्या पळस-बोरीच्या झाडांपर्यंत येऊन पोचतो.

जॅझची पहिली तबकडी निघाली ती न्यूयॉर्कला, २६ फेब्रुवारी १९१७ रोजी मुद्रित झालेली. वाजवणारे न्यू ऑर्लीन्सचे पाच गोरे तरुण होते. ज्या कृष्णवर्णीय कलावंतांनी हे संगीत घडवले, त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला मुद्रणयंत्र उशिराच आले. किंग ऑलिव्हर आणि त्याच्या पथकातला एकवीस वर्षांचा आर्मस्ट्राँग हे एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेले. तिथे पियानोच्या एका कारखान्याच्या आवारात ‘जेनेट’ कंपनीची मुद्रणाची खोली होती. शेजारून आगगाडीचा रूळ जाई, आणि गाडी आली की वाजवणे थांबवावे लागे. मायक्रोफोन नव्हताच, भल्यामोठ्या कर्ण्याच्या तोंडापुढे सर्वांनी दाटीने उभे राहून वाजवायचे. आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दांडगा, की त्याला इतरांपासून बराच लांब उभे करावे लागले, असे सांगतात. तीन मिनिटांत तबकडीची एक बाजू संपे. त्या कोंदट खोलीत जे उमटले ते आज शंभर वर्षांनंतरही अंगावर रोमांच उभे करते.

पुढे मंदी आली. १९२७ साली अमेरिकेत दहा कोटींवर तबकड्या खपत, त्या १९३२ साली साठ लाखांवर आल्या. लहान कंपन्या बुडाल्या. विस्कॉन्सिनमधल्या ‘पॅरामाउंट’ कंपनीने ब्लूज आणि जॅझचा अमोल खजिना मुद्रित केला होता; तिचे धातूचे साचे मोडीत गेले. कामगारांनी चिडून तबकड्या नदीत भिरकावल्या, अशीही एक कथा आहे. पुढे पाणबुड्यांनी नदीचा तळ धुंडाळला, तेव्हा हाती काही लागले नाही. तरी कथा टिकून आहे, कारण ती खरी असावी असे सर्वांनाच वाटते. आणि ऑलिव्हर? दात आणि हिरड्या गेल्याने त्याचे वाजवणे संपले. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावात तो बिलियर्डच्या अड्ड्यावर झाडलोट करी. १९३८ साली तिथेच तो वारला.

आता गंमत पाहा. कंपन्यांना ज्याची किंमत नव्हती, ते वाचवले छंदिष्टांनी. न्यूयॉर्कच्या ४२ व्या रस्त्यावर मिल्ट गॅब्लर नावाचा एक तरुण बापाचे दुकान सांभाळी. गिऱ्हाईक जुन्या, बंद पडलेल्या तबकड्या मागे, म्हणून तो कंपन्यांकडे जाऊन ‘जुने साचे काढा आणि मला तेवढ्या प्रती दाबून द्या’ असा लकडा लावी. १९३० नंतरच्या दशकातली ही गोष्ट. पुनर्मुद्रणाचा धंदा खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला. पण त्याहून मोठे काम त्याने केले ते निराळेच: तबकडीवरच्या कागदी चकतीवर त्याने केवळ पथकप्रमुखाचे नव्हे, तर सगळ्या वादकांचे नाव छापले. कोण क्लॅरिनेट फुंकत होता, ढोल कोणाच्या हाती होता, सारे. त्याच सुमारास, १९३६ साली, पॅरिसमध्ये शार्ल दलोने याने जॅझच्या तबकड्यांची सूची ग्रंथरूपाने काढली. कोणती तबकडी कुठे, कधी, कोणी वाजवली याचा हा पंचांगासारखा हिशेब. १९४० साली कोलंबिया कंपनीने जॉर्ज अव्हाकियन या येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला आपल्या गोदामातले साचे धुंडाळायला बसवले. त्याला आर्मस्ट्राँगची तोवर कधीच न निघालेली मुद्रणेही तिथे सापडली. चार-चार तबकड्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून त्याने त्यांचे संच काढले. माझ्या कपाटातल्या पेट्यांचे हे पूर्वज.

तेवढ्यात महायुद्ध अमेरिकेच्या दारी आले. इथे आपला संबंध येतो. त्या काळची तबकडी म्हणजे दगडाची भुकटी आणि काजळी, आणि त्यांना धरून ठेवणारी लाख. ही लाख बहुतांशी हिंदुस्थानची, विशेषतः छोटा नागपूरच्या रानांतली. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर इवलेसे किडे ती तयार करतात, आदिवासी मंडळी ती खरवडून गोळा करतात, आणि कलकत्त्याच्या बंदरातून ती जगभर जाई. ज्या लाखेच्या बांगड्या आपल्या आज्यांच्या हातांत असत, तीच लाख शिकागोच्या तुताऱ्यांना धरून ठेवत होती! युद्धामुळे समुद्रमार्ग धोक्यात आले, लाख लष्कराच्या कामालाही लागे. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी कमी केला. मग कंपन्यांनी काय करावे? जुन्या तबकड्या परत घ्यायच्या, दळायच्या आणि त्या चुऱ्यातून नव्या करायच्या. त्या जात्यात कोणकोण भरडले गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. साचा आधीच मोडीत आणि तबकडी जात्यात, अशी ज्यांची गत झाली, त्यांची कदाचित कोणाच्या फळीवर उरलेली एखादीच प्रत आज आपल्या कानांपर्यंत पोचते.

१९४८ साली दीर्घ चालणारी तबकडी आली आणि तिच्या पोटात जुन्या आठ-दहा बाजू मावू लागल्या. १९५३ साली सुरू झालेल्या ‘रिव्हरसाइड’ने जेनेट आणि पॅरामाउंटचे संगीत पुन्हा बाजारात आणले, साचे नसतील तिथे संग्राहकांच्या तबकड्यांवरून. १९८३ साली मायकेल कस्कुना आणि चार्ली लूरी यांनी ‘मोझेक’ काढून पेटीबंद संचांना विद्वत्तेचा दर्जा दिला. प्रती मोजक्या, विक्री टपालाने. त्यांचे संच उत्तम, पण संपले की त्यांचे भाव माझ्यासारख्याने ऐकूसुद्धा नयेत.

माझा आधार युरोपातल्या स्वस्त पेट्यांचा, आणि त्या स्वस्ताईचे रहस्य कायद्यात आहे. युरोपात ध्वनिमुद्रणावरचा हक्क पन्नास वर्षांनी सुटे. २०११ साली ती मुदत सत्तर वर्षांची ठरली, पण आधीच सुटलेले पुन्हा बांधले गेले नाही. म्हणून १९६२ पर्यंत निघालेले जॅझ तिथे कोणीही छापू शकतो. अमेरिकेत मात्र ऑलिव्हरच्या १९२३ च्या तबकड्या खुल्या व्हायला १ जानेवारी २०२४ उजाडावा लागला. या स्वस्ताईत वादकाच्या वारसांना दमडीही मिळत नाही, हे मला टोचते; पण ऑलिव्हरला हयातीतही फारसे मिळाले नव्हते, हेही खरे.

स्वस्त पेट्यांत मात्र दोन जाती आहेत. एकीत दुसऱ्याच्या सीडीवरून उतरवलेला माल असतो. दुसरीत कोणा जाणकाराने मूळ तबकडी शोधून, धुऊन, योग्य सुई लावून केलेले काम असते. इंग्लंडचे जॉन आर. टी. डेव्हिस यांचे नाव पेटीवर दिसले की मी डोळे मिटून घेतो. संगणक येण्यापूर्वी ते ध्वनिफितीवर तडतडीची एकेक जागा हुडकून तिथला लेप पात्याने हलकेच खरवडत. शेवयांतले खडे निवडावेत तसे! त्यांनी उजळलेला आर्मस्ट्राँगचा चार सीडींचा संच मला मिळाला आणि पूर्वीच्या दोन पेट्या मी देऊन टाकल्या.

अशाच एका पेटीच्या माहितीपत्रकात बारीक टाइपात मला एक नाव दिसले. शिकागो, २८ मे १९२६, अर्स्किन टेट याचे पथक. कॉर्नेटवर आर्मस्ट्राँग, पियानोवर टेडी वेदरफर्ड. हा वेदरफर्ड त्याच वर्षी पूर्वेकडे निघाला, शांघायला रमला, पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. ताजमध्ये अशा अमेरिकन वादकांना ऐकून गोव्याच्या तरुणांची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांतलेच. मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून त्यांची ख्याती होती. १९५१ च्या ‘अलबेला’तली गाणी ऐकून ज्यांचे पाय थिरकले, त्यांनी आपल्या सी. रामचंद्रांच्या संगीतातला हा ट्रम्पेट ऐकलेलाच आहे.

पण त्या तबकड्यांवर गायकाचे नाव आहे, संगीतकाराचे आहे, चित्रपटाचे आहे. ट्रम्पेट कोणाचा, व्हायोलिने कोणाची, याचा पत्ता नाही. शिकागोच्या एका दुपारी पियानोवर कोण बसले होते ते मला चार पैशांच्या पेटीतून कळते, आणि दादर-ताडदेवच्या स्टुडिओत कोण बसले होते ते कळत नाही. आपल्याकडे गॅब्लर झाला नाही. म्हणून मी एक वही घातली आहे. जुन्या वादकांच्या घरच्या माणसांकडून खात्रीने समजलेली नावे गाण्यापुढे लिहितो. दोनशे पानी वहीची अकरा पाने भरली आहेत. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जाड, काळ्या, पडल्या तर फुटणाऱ्या तबकड्या निघाल्या, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्या उजेडात धराव्यात. मधल्या कागदी चकतीजवळ एक बारीक आकडा कोरलेला असतो. मुद्रणाची तारीख शोधायला मला तोच उपयोगी पडतो.