मेगालोवेनियाचं कूळ

जानेवारी 2022मध्ये व्हॅटिकनला पोप फ्रान्सिस यांच्यासमोर सर्कशीच्या कलावंतांनी कसरती केल्या, तेव्हा ‘मेगालोवेनिया’ ही धून वाजत होती. बहुतेकांना ती ‘अंडरटेल’ या 2015च्या व्हिडिओ गेममधली म्हणून ठाऊक असते. तिचं कूळ त्याहून जुनं, आणि ते चाहत्यांचं आहे.

जपानमध्ये 1994 साली आलेल्या ‘लाइव्ह अ लाइव्ह’ या गेमसाठी योको शिमोमुरा यांनी ‘मेगालोमेनिया’ नावाची लढाईची धून बांधली होती. टोबी फॉक्स हा अमेरिकन मुलगा तिच्यावर लुब्ध. ‘अर्थबाउंड’ या आणखी एका आवडत्या गेमची हॅलोविनसाठीची भीषण आवृत्ती त्यानं 2008मध्ये हौसेनं रचली. तिच्यातल्या लढाईसाठी त्यानं स्वतःची धून बांधली आणि नाव ठेवताना शिमोमुरांचं ऋण उघड मान्य केलं.

पुढच्या वर्षी, 13 एप्रिलला, अँड्र्यू हसी यांचं ‘होमस्टक’ हे वेबकॉमिक सुरू झालं. सुरुवातीला वाचक सूचना करायचे आणि पात्रं तसं वागायची. चारही मुख्य मुलं वाजवणारी: जॉनचा पियानो, रोझचं व्हायोलिन, डेव्हची टर्नटेबलं, जेडची बेस गिटार. मधूनच एखादं पान हलू-बोलू लागे. त्याला संगीत हवं असे, आणि ते वाचकांतलेच संगीतकार पुरवत. फॉक्स त्यांच्यातलाच. त्याची ती जुनी धून नव्या साजात कॉमिकमध्ये अवतरली आणि 2011च्या सहाव्या अल्बमवरही आली.

या मंडळींनी घातलेला एक पायंडा मला फार मोलाचा वाटतो. पात्राची स्वरावली ठरलेली. पण ती एकाच रचनाकाराच्या मालकीची नाही. दुसरा ती उचले, लय बदले, शत्रूच्या धुनेत गुंफे. ऐकणाऱ्याला कोण येतंय, कुणाची आठवण निघाली आहे, हे चित्राआधी कानांनी कळे. एक जण बंदिश बांधतो आणि पुढचे गाणारे तिला आपापल्या परीनं खुलवतात, तसंच हे. फॉक्सनं हीच रीत पुढे ‘अंडरटेल’मध्ये नेली.

वाचकांनाही ही भाषा येऊ लागली होती. ‘लँड ऑफ फॅन्स अँड म्युझिक’सारख्या अल्बमांत त्यांनी कॉमिकमध्ये कधीच न वाजलेल्या जागांना, बाजूला राहिलेल्या पात्रांना संगीत दिलं. मूळ कथा 13 एप्रिल 2016ला संपली, तरी हे अल्बम निघत राहिले. कोणत्या रचनेत कुणाची स्वरावली आली आहे, याची तपशीलवार नोंदही चाहत्यांनीच ठेवली आहे.