सूर ओळखणारं यंत्र

तान्ह्या बाळाला शब्द कुठे कळतात? पण आई रागावली की ओठ काढतंच ना!

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सिंथिया ब्रेझील या संशोधक बाईंनी असंच एक यंत्र केलं. नाव किस्मेट. शब्द तुर्की, पण आपल्या किस्मतचाच भाऊ. नुसतं डोकं, मोठे डोळे, हलणारे कान, लाल ओठ. कॅमेऱ्यातून ते माणूस बघायचं. कुणी फार जवळ आलं की मागे सरायचं, लांब गेलं की मान पुढे काढून आवाज द्यायचं. माइकमधून आवाजाचा चढउतार मोजायचं. शब्दांचा अर्थ मात्र कळत नसे. दटावलं की मान खाली! मग दटावणाऱ्या बाईलाच वाईट वाटे, ती त्याची समजूत काढू लागे. आत दुःख नव्हतं, मान खाली घालायचा हुकूम तेवढा भरलेला होता.

शाबासकी, दटावणी, ‘इकडे बघ’ आणि समजूत, हे चार सूर त्याला शिकवले होते. ते आले कुठून? अ‍ॅन फर्नाल्ड या अभ्यासक बाईंनी त्याआधी वेगवेगळ्या भाषांतल्या आया बाळांशी कशा बोलतात ते तपासलं होतं. भाषा निराळ्या, सूर बरेचसे सारखे. किस्मेटला दिले ते हेच आयांचे सूर.