फरशीखाली काय घातलं, ते कागदावर येऊ द्या

आपल्या चिखल्याचा इतिहास म्हटला की मँगनीज आलंच. १८९६ साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघाली, पुढे तिची कंपनी झाली आणि १९६२ मध्ये मॉइल आली. आज मात्र दुसऱ्याच इतिहासाबद्दल लिहितोय. घरकुल, अंगणवाडी, समाजमंदिर यांच्या फरशीखाली जे घातलं जातं, त्याचा इतिहास.

आपल्या भंडारा जिल्ह्यात जमिनीची जुनी नावं आहेत : कन्हार, मोरांड, सिहार, बरडी. कन्हार काळी, चिकट. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बरडी गोटाळ, पिकाला कंजूष, पण पाणी धरून ठेवत नाही. म्हणजे शेतीला जी चांगली, ती घराला वाईट. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. दगडाचा जोता उंच घ्यायचे, आत मुरूम टाकून पाणी शिंपडायचे, धुम्मसाने ठोकायचे आणि वर सारवण. खालून ओल आली तरी ती वर येऊन वाळून जायची. भेग पडली तर पुढच्या सारवणात बुजायची.

मग सिमेंट आलं. वरचा थर बदलला, खालचा विचार मात्र तिथेच राहिला. काँक्रीट दाब सोसतं, पण वाकवलं की तडकतं. एका कोपऱ्यात भराव खचला की फरशीला भेग पडलीच. दुसरं, मुरुमात बारीक माती असते. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं तिच्यातून पाणी वर चढतं. जाड, स्वच्छ गिट्टीत मोठी पोकळी असते, तिथे हे चढणं थांबतं.

पण नुसती गिट्टी ओल्या कन्हारीवर ओतली तर ती मातीत रुतते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी काळी माती काढा. मग मुरूम टाका, एका वेळी २० सेंमीपेक्षा जाड थर नको, प्रत्येक थर पाणी मारून ठोका. त्यावर चुरी नसलेली २० ते ४० मिमीची गिट्टी, निदान १०० मिमी. मग प्लास्टिकचा जाड कागद, आणि मग काँक्रीट. यात गिट्टीच्या जागी चुरी-मातीचा माल आला तर ओल पुन्हा चढणार.

यात नवं काही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये व्हिट्रुव्हियसने फरशीखाली मुठीपेक्षा लहान नसलेले दगड आधी घाला, असं लिहून ठेवलंय. आपल्याकडे जागेवर ओतायच्या काँक्रीट फरशीसाठी आयएस २५७१ हे भारतीय मानक आहे. आणि लांब कशाला, रेल्वेवाले रुळाखालची गिट्टी मधूनमधून चाळून तिच्यातली माती काढतात, ते पाणी निघून जावं म्हणूनच.

आता सार्वजनिक कामांचं बोलू. मी पाहिलेल्या एका अंदाजपत्रकात फक्त 'भराव' एवढाच शब्द होता. कोणता माल, किती जाड, कसा ठोकलेला, काही नाही. त्या इमारतीच्या फरशीला दुसऱ्या पावसाळ्यात ओल सुटली. लहान लेकरं त्याच फरशीवर बसतात. ठेकेदाराला दोष द्यायला आपण मोकळे, पण कागदावर जे मागितलंच नाही, ते दिलं नाही म्हणून भांडणार कसं?

भिंत उद्याही मोजता येते. भराव एकदा झाकला की फोडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून मोजमाप काँक्रीट ओतण्याआधीच व्हायला हवं, मोजमाप पुस्तिकेत जाडी लिहून आणि फोटो काढून. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये नुसते कागद मागायचा हक्क नाही. कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क आहे. कलम २(ञ) वाचा.

खाणीत काम केलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगायची गरज नाही. धातुक काढल्यावर पोकळी वाळूने भरतात, कारण न दिसणाऱ्या भरावावरच वरच्यांचा जीव असतो. मग येत्या ग्रामसभेत एवढा एक प्रश्न विचाराल का : फरशीखाली काय घालणार, किती जाड, आणि झाकण्याआधी कोण बघणार?

तुमच्या गावचा अनुभव खाली लिहा.