पिल्लांमधील टोचाटोची व स्वजातिभक्षण

कृत्रिम उबेवर वाढणारी कोंबडीची पिल्ले कधीकधी एकमेकांच्या पायांची बोटे, गुदद्वार किंवा नुकती फुटलेली पिसे टोचू लागतात. रक्त दिसले की बाकीची पिल्लेही तिथेच चोच मारतात आणि जखमी पिल्लू जिवाला मुकते. हा भांडखोरपणा नव्हे. वर्चस्वासाठी मारलेली चोच बहुधा डोक्यावर बसते. पिसे उपटणारे पिल्लू मात्र शेजाऱ्याच्या पाठीवर किंवा शेपटीवर दाणा टिपावा तसे शांतपणे टोचते. नेदरलँड्सचे संशोधक हॅरी ब्लॉकहाउस यांनी १९८०च्या दशकात मांडले, की जमीन उकरून अन्न शोधण्याच्या प्रवृत्तीला वाव मिळाला नाही की ती शेजाऱ्याच्या पिसांकडे वळते. म्हणून प्रतिबंधाची सुरुवात चोचीपासून नव्हे, पायाखालच्या जमिनीपासून करायला हवी. पहिल्या दिवसापासून भाताच्या तुसाची कोरडी, भुसभुशीत गादी आणि पुढे टांगलेला हिरवा चारा पिल्लांना उकरायला, टोचायला काहीतरी देतो. गादी ओली झाली तर रक्ती हगवणीचा धोका वाढतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय गादी खालीवर करून कोरडी ठेवणे हा आहे, ती काढून टाकणे नव्हे.

गादी एकटी पुरत नाही. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५° से. तापमान ठेवून पुढे दर आठवड्याला साधारण ३° से. कमी करावे लागते. ते कमी न केल्यास उकाड्याने पिल्ले बेचैन होतात. दाटी, प्रखर उजेड, खाद्य-पाण्याच्या भांड्यांची टंचाई आणि खाद्यात मिथिओनिन किंवा मीठ कमी पडणे ही इतर कारणे. उजेड मंद केल्याने टोचणे कमी होते, परंतु अंधूक घरात आजारी पिल्लूही नजरेतून सुटते. तो तात्पुरता उपाय समजावा.

चोच कापली की जखमा कमी होतात, असे व्यावसायिक सांगतात व ते खोटे नाही. तरीही चोचीचे टोक संवेदनशील असते, ते कापताना वेदना होतात आणि टोचण्याची इच्छा तशीच उरते. स्वीडन, नॉर्वे व फिनलंडमध्ये चोच कापण्यास बंदी असूनही अंड्यांचा व्यवसाय चालतो. दोष जातीचाच आहे, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातील विल्यम म्यूर यांनी एकेकट्या कोंबडीऐवजी संपूर्ण पिंजऱ्याची कामगिरी पाहून निवड केली, तेव्हा मरतूक काही पिढ्यांतच झपाट्याने घटली. आनुवंशिकता महत्त्वाची आहेच. मात्र विकत आणलेल्या पिल्लांची जात पाळणाऱ्याला बदलता येत नाही, त्यांचे घर बदलता येते. खुडूक कोंबडीखाली वाढलेल्या पिल्लांत पुढे पिसे टोचण्याचे प्रमाण कमी आढळते. तिच्या पंखांखालच्या अंधारात झोपलेली पिल्ले जाग्या पिल्लांच्या चोचीपासून दूर राहतात. कडेने पडदे लावलेले, आत अंधार असलेले ब्रूडर याच तत्त्वावर बनतात. इतके करूनही एखादे पिल्लू रक्ताळले, तर त्याला ताबडतोब वेगळे काढावे आणि जखम पूर्ण भरेपर्यंत कळपात परत सोडू नये.