जोड कोणी लावावी?

खंडाळा हे नाव उच्चारताच पुण्यामुंबईच्या लोकांपुढे बोरघाटातील थंड हवेचे खंडाळे उभे राहते. मी ज्या खंडाळ्याचा रहिवासी, ते सातारा जिल्ह्यातील होय. पुण्याहून साताऱ्याकडे निघाल्यावर नीरा ओलांडावी, शिरवळ मागे टाकावे, म्हणजे खंबाटकीच्या घाटाच्या पायथ्याशी हे गाव लागते. येथे कोणी हवा खाण्यास येत नाही. परंतु आमच्या बाजूस जत्रेचे दिवस आले की कुस्त्यांचा फड पाहण्यासाठी पंचक्रोशी लोटते. त्या फडाच्या कडेला बसून मी लहानपणापासून जे पाहिले, त्याच्या आधाराने आज एका जुन्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. चढाओढीत जोड कोणी लावावी, आणि कशाच्या बळावर?

हा प्रश्न मला नव्याने घातला तो माझ्या नातवाने. तो मुंबईस शिकतो आणि तेथे त्याला शिळारोहणाचा नाद लागला आहे. दोर न बांधता बेताच्या उंचीच्या शिळेवर, अथवा खुंट्या ठोकून केलेल्या भिंतीवर चढावयाचे. पडलाच तर खाली जाड गाद्या असतात. २०१६ साली या खेळाची जागतिक चषक स्पर्धा नव्या मुंबईत झाली, आणि २०२१ मध्ये टोकियोस भरलेल्या ऑलिंपिकमध्ये आरोहणाच्या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. त्याच्या हौशी स्पर्धांत नवशिके, मध्यम आणि निष्णात असे वर्ग पाडण्याची पद्धत आहे. नातवाने भाग घेतलेल्या स्पर्धेत आपला वर्ग ज्याने त्याने आपणच लिहून द्यावयाचा होता. नातू नवशिक्यांत दुसरा आला. पहिला आलेला मुलगा तीन वर्षे भिंतीवर चढत होता. "आजोबा, त्याने नियम तर कोणताच मोडला नाही," नातू म्हणाला, "मग मला वाईट का वाटते?"

या 'का'चे उत्तर शोधण्यासाठी मी प्रथम आमच्या फडाकडे वळतो.

जत्रेच्या फडात वर्गांची नावे नसत, बक्षिसांची असत. आरंभी चिमुरड्या पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर होत. मग नारळाच्या, मग एक रुपयाच्या, दोन रुपयांच्या. असे करीत ऊन कलता कलता शेवटच्या मोठ्या इनामाची कुस्ती लागे. हलगी कडाडत असे, फेटेवाले पंच एकेका पोराला दंडाला धरून मैदानातून फिरवीत, आणि त्याच्या जोडीचा कोण आहे, असे पुकारीत. कोणी शड्डू ठोकून पुढे आला की पंच दोघांना शेजारी उभे करीत, खांदे पाहत, मांड्या पाहत, 'कोणत्या तालमीचा? वस्ताद कोण?' एवढे विचारीत आणि जोड मान्य करीत, नाही तर हाताने बाजूस सारीत. तेथे तराजू नव्हता, जन्माचा दाखला नव्हता. पंचांचा डोळा आणि भोवतालच्या हजार लोकांची माहिती, एवढ्यावर सारा न्याय चाले.

लबाडी तेव्हाही होती. जिंकण्याची खात्री असलेला पैलवान आपल्या मुलखात मोठ्या कुस्तीत हात घालण्याऐवजी लांबच्या, जेथे त्याला कोणी ओळखत नाही अशा गावी जाऊन लहान बक्षीस मारून नेई. मला एक प्रसंग स्पष्ट आठवतो. अंगाने किरकोळ, चेहऱ्याने साधा असा एक परका पोरगा नारळाच्या कुस्तीस उभा राहिला. वृद्ध पंचाने त्याचे खांदे पाहिले नाहीत. त्याच्या डोक्याचे मुंडासे बाजूस सारून कान पाहिले. पैलवानाचा कान वर्षानुवर्षे मातीत घासून, चिरडून, सुजून गोळा होतो. तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. पंच एवढेच म्हणाले, "नारळ फोडायला आला आहेस की पोरं फोडायला?" सारा फड हसला आणि पोरगा निमूटपणे मोठ्या रकमेच्या रांगेत जाऊन बसला. कौशल्याची विभागणी ती हीच. माणूस काय म्हणतो यापेक्षा त्याच्या अंगावर साधनेने काय लिहिले आहे, हे पाहणारा जाणता मनुष्य तिला लागतो.

परंतु या पद्धतीचे गुणगान करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पंचाचा डोळा जाणता असतो, तसा तो भाऊबंदकीने आंधळाही होतो. शिवाय तिच्यात एक मोठे वैगुण्य होते. लहान चणीच्या मल्लाला त्याच्या तोलाचा जोडीदार मिळे, पण मोठे इनाम मिळत नसे. शेवटची कुस्ती ही बहुधा धिप्पाड देहांचीच. कोल्हापुरास शाहू महाराजांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे भव्य मैदान उभे राहिले. पण लोकांच्या डोळ्यांतील पहिला मान अवाढव्य शरीराचाच राहिला. चपळ, हुशार परंतु हलक्या अंगाच्या पोराने कितीही घाम गाळला, तरी तो दुपारच्या उन्हातला मल्ल, संध्याकाळचा नव्हे.

पश्चिमेकडेही निराळी स्थिती नव्हती. प्राचीन ग्रीकांच्या ऑलिंपियात मल्लांची विभागणी वजनाने होत नसे. प्रौढ आणि मुले एवढेच दोन वर्ग असत. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले तेव्हाही कुस्तीला वजनाचे वर्ग नव्हते. त्या वर्षी जिंकला तो जर्मनीचा कार्ल शूमान नावाचा बुटका व्यायामपटू! अंतिम कुस्ती अंधार पडल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुरी करावी लागली. असा एखादा शूमान निघतो खरा. परंतु अपवादावर नियम उभारता येत नाही. १९०४ साली सेंट लुई येथे मुक्त पद्धतीची कुस्ती वजनाच्या वर्गांनी खेळविण्यात आली, आणि पुढे तीच वहिवाट झाली. पंचाच्या डोळ्याची जागा तराजूने घेतली.

या तराजूने आपल्या सातारा जिल्ह्याला काय दिले, ते सांगितलेच पाहिजे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे लहान चणीचे मल्ल. मातीत वाढलेला हा मनुष्य १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि ५२ किलोच्या गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी ५७ किलोच्या गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्या वर्षी कुस्तीचे आठ गट होते आणि सर्वांत वरचा ८७ किलोंच्या पलीकडचा होता. हे गट नसते, तर खाशाबांना तीस किलोंनी भारी मल्लाशी झुंजावे लागते, आणि त्यांची विद्या जगाला कदाचित दिसलीच नसती. न्याय्य विभागणी दुबळ्यावर दया करीत नाही. झाकून राहिलेले सामर्थ्य ती उजेडात आणते.

तराजूला अर्थात् दयामाया नसते. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या गटात अंतिम फेरीपर्यंत पोहोचली आणि त्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम अधिक भरल्यामुळे बाद झाली. साऱ्या देशाला हळहळ वाटली. पण तराजू सर्वांना सारखाच निष्ठुर असतो, यातच त्याचे भूषण आहे.

मग वजनाने सर्व प्रश्न सुटला काय? नाही. आणि हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्याच हातून घडलेल्या अन्यायाने मला ते शिकविले.

महाराष्ट्रात असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे, हे आपणांस ठाऊक असेल. ही करामत आम्हा शाळामास्तरांची. शाळा जूनमध्ये सुरू होई, खेड्यातील बापाला मुलाची तारीख ठाऊक नसे, आणि मास्तर सोयीची तारीख मांडून मोकळा होई. १९८० साली, मी नुकताच नोकरीस लागलो असता, एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. बहात्तरच्या दुष्काळात पोर झाले, असे त्यांनी स्वतःच सांगितले. "पण गुरुजी, पुढं नोकरीला वय उरलं पाहिजे," असेही म्हणाले. मी १ जून १९७४ लिहिले.

तो मुलगा पुढे उत्तम कुस्ती खेळू लागला. १९८७ साली मी त्याला चौदा वर्षांखालच्या गटात स्पर्धेस नेले. कागदावर तो तेरा वर्षांचा होता. वस्तुतः पंधरावे सरत आले होते. अखेरची कुस्ती दुसऱ्या एका शाळेच्या मुलाशी लागली. दोघांचे वजन केले. फरक नाही म्हणावा इतका थोडा. तराजूच्या दृष्टीने जोड निर्दोष. पण एकाची हाडे पोराची होती आणि दुसऱ्याची माणसाची. दोन मिनिटांत कुस्ती चितपट झाली. त्या मुलाचे गुरुजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पोराला मिसरूड फुटली आहे." मी म्हणालो, "दाखला पाहा." ते काही न बोलता निघून गेले. ढाल घेऊन आम्ही वाजत गाजत गावात आलो. हरलेला मुलगा पुढच्या वर्षी मला स्पर्धेत दिसला नाही. त्याने कुस्ती सोडली की शाळा, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

दाखला पाहा, असे म्हणताना मी खोटे बोललो नव्हतो. दाखल्यावर तेच लिहिले होते, आणि लिहिणारा मीच होतो. तराजू वजन खरे सांगतो, कागद लिहिलेले तेवढे सांगतो; पण जोड बरोबरीची आहे की नाही, हे शेवटी कोणा तरी जाणत्या माणसाने पाहून, लोकांदेखत सांगावे लागते. ज्याला ठाऊक आहे तोच कागदामागे लपला, तर सारे नियम पाळले जाऊनही अन्याय होतो. नातवाला वाईट वाटले त्याचे कारण हेच.

त्याच्या खेळात वजनाचा तराजूही उपयोगी नाही. तेथे कौशल्यच तोलावयाचे असते. म्हणून संयोजकांनी मागील निकालांची वही ठेवावी, एकदा पहिला-दुसरा आलेल्याला पुढील वेळी वरच्या वर्गात बसवावे, आणि शंका येताच त्या वृद्ध पंचाप्रमाणे कान पाहावेत. शिळारोहकाच्या बोटांचे घट्टेही बोलत असतीलच. परंतु वही तरी कोठवर पुरणार? दुसऱ्या गावी जाणाऱ्याला ती अडवू शकत नाही. तेथे खेळाडूची स्वतःची लाज हाच एक पंच उरतो.

मी हे सारे नातवाला लिहून कळविले. १९८७ सालची हकिकतही लपविली नाही. दुसरा आल्यामुळे पुढच्या स्पर्धेत नवशिक्यांतच राहून पहिले बक्षीस घेण्याची त्याला सोय होती, आणि नियमही आड येत नव्हता. त्याने मध्यम वर्गात नाव दिले आणि शेवटून तिसरा आला. हे वर्तमान त्याने दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा त्याचा आवाज खिन्न मुळीच नव्हता. मला मात्र त्या ढालीच्या वेळी झाला नव्हता, असा आनंद झाला.